डावा हात

कंटेनर उघडला तेव्हा आधी वास आला,
ओल्या गोणपाटाचा, शिळ्या पेट्रोलचा,
आणि कुठल्यातरी परक्या घरातल्या धुपाचा.
मग ती. एकाहत्तर सालची डॅटसन, लांब नाकाची,
जपानहून हिद्दच्या बंदरात.
तळाला बोट लावलं तर पत्रा पापडासारखा मोडला.
सुधन्वा म्हणाला, तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात.
मी म्हटलं, इकडे ते हवेतच असतं.
तो हसला नाही.

मुहर्रकच्या भाड्याच्या घरात, शेडखाली,
जिथे मी कपडे वाळत घालायचे,
तिथे ती ठोकळ्यांवर. चाकं गच्चीत.
सीटा मुलाच्या खोलीत, मुलगा पुण्यात.
दिवसभर गोदीत दुसऱ्यांची जहाजं खरवडून
हा रात्री हिला खरवडायचा.
ऑगस्टातल्या एका रात्री दार उघडं पत्र्याचं ठेवून झोपला,
सकाळी त्यावर हळद लागलेली.
दमट हवेने एका रात्रीत लावलेली.
मी पहिल्यांदा त्याला रडवेला पाहिला,
सासरे गेले तेव्हाही नव्हता.

सियालकोटचे मुनीर उस्ताद शुक्रवारी यायचे,
जमिनीचा पत्रा कागदासारखा बेतायचे,
चहात तीन चमचे साखर.
भिंतीपलीकडून अबू राशिद
खलास खजुरांची ताटली पुढे करत रोज विचारायचे,
"खलास?"
त्यांच्या भाषेत, झालं का.
माझ्या भाषेत, मेली का.
दोन्हीला उत्तर एकच होतं. अजून नाही.

कार्ब्युरेटर मात्र माझ्याकडे आले.
जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर,
पितळेचे इवले भाग, नथीतल्या फिरकीएवढे.
हा कसलंसं महागडं औषध मागवणार होता.
मी चिंच भिजवली. मीठ घातलं.
देवाची उपकरणी घासते तसे घासले,
सुईने भोकं मोकळी केली,
दिव्यासमोर धरून एकेकातून पाहिलं.
प्रत्येकातून उजेडाचा एक कण.
त्यानंतर "तुझी गाडी" म्हणायची माझी सोय गेली.

डिसेंबरात त्याचा करार संपतो.
हिला सोबत नेता येणार नाही,
दोघांनाही माहीत आहे.
आम्ही गॅस्केटबद्दल बोलतो.

काल संध्याकाळी तो बॉनेटखाली, मला म्हणाला, बस, किल्ली फिरव.
मी सवयीने डावं दार उघडून बसले.
समोर स्टिअरिंगच नाही.
मुनीर उस्ताद खोकल्याच्या आड हसले.
वळसा घालून उजवीकडे आले, क्लच दाबला,
आणि डावा हात आपला आपण गिअरवर गेला.
एकवीस वर्षं इथे उजव्याने गिअर टाकतेय.
डाव्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.
जतच्या माळावर, मामाच्या टेम्पोत,
बुडाखाली धान्याचं पोतं घेऊन शिकलेला हात,
तो इतकी वर्षं नुसता बांगड्या घालून बसला होता.

पहिल्यांदा खोकली. दुसऱ्यांदा काहीच नाही.
तिसऱ्यांदा सहातले पाच पेटले,
शेडवरची कबुतरं उडाली,
सुधन्वा "बंद कर, बंद कर" ओरडत होता की "सोडू नको",
मला नीट ऐकू आलं नाही.
फाटक उघडं होतं.

गल्ली या बाजूने कडेकडेने दिसते:
उंबरे, काढलेल्या चपला, एसीच्या पाण्याची डबकी,
अंग चोरून बसलेलं मांजर.
नंबर प्लेट नाही, आरसा नाही, एक सिलिंडर नाही.
कोल्ड स्टोअरच्या कोपऱ्यापर्यंत गेले.
कोयाक्का काउंटर सोडून बाहेर आला.
मागून सुधन्वा पाना हातात घेऊन पळत येत होता,
त्याच्यामागे बनियनवर अबू राशिद,
काय विचारणार ते मला माहीत होतं.

रिव्हर्स टाकायचा होता.
डावा हात गिअरवर तसाच ठेवला थोडा वेळ.
मुठीखाली ती थरथरत होती, एका बाजूला लंगडत,
चिंचेचा वास अजून बोटांना.